यंत्र हजारांचं, वायर मात्र चिकटपट्टीची!

सुगी आटोपली की गावात दुरुस्तीची कामं निघतात. गोठ्याचे पत्रे बदलायचे, ट्रॉलीचा फाळका सांधायचा, दाराला बिजागरी बसवायची, मोटरीचा पाइप कापायचा. पूर्वी या कामांसाठी सुतार-लोहाराकडे चार खेपा घालाव्या लागत. आता घरोघरी ड्रिल मशीन आलं, हातातलं ग्राइंडर आलं, लाकूड कापायचं कटर आलं. दोन म्हशी असलेल्या घरीही कडबाकुट्टी विजेवर चालते. कष्ट वाचले, वेळ वाचला. हे चांगलंच झालं.

पण वाचकहो, एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. यंत्र घेताना आपण चार दुकानं फिरतो, कंपनी विचारतो, वॉरंटी विचारतो. त्या यंत्रापर्यंत वीज नेणारी वायर मात्र कुठून आणतो? माळ्यावरून! जुन्या मोटरीची दहा फूट, लग्नाच्या मांडवातून उरलेली वीस फूट, मध्ये दोन सांधे, सांध्यावर चिकटपट्टी. आणि चिकटपट्टी संपली असेल तर प्लास्टिकची पिशवी फाडून गुंडाळलेली चिंधी.

अपघात बहुतेक वेळा यंत्रात नसतो, या वायरीत असतो. वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात येणाऱ्या बातम्या आठवा. पत्र्याच्या शेडमध्ये वीज उतरली, गोठ्यात म्हैस दगावली, कपडे वाळत घालायच्या तारेचा शॉक बसला. आणि त्यातली सगळ्यात वाईट बातमी म्हणजे, एकाला चिकटलेलं पाहून दुसरा सोडवायला धावला आणि दोघंही गेले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे गेल्या काही वर्षांचे अहवाल पाहिले, तर देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं दगावल्याची नोंद आहे. यातले कितीतरी मृत्यू शे-दोनशे रुपयांच्या काटकसरीपायी झालेले असतात.

तेव्हा यंदा यंत्र बाहेर काढण्याआधी वायर अंगणात पसरून बघा. बघताना काय पाहायचं, ते पुढे सांगितलं आहे.

आधी थोडा हिशेब

हिशेब अवघड नाही. यंत्रावर जी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वॉट लिहिलेले असतात. त्या आकड्याला २३० ने भागा. ६९० वॉटचं ग्राइंडर असेल तर ३ अॅम्पिअर आले. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज कडबाकुट्टी चालताना साधारण १२ अॅम्पिअर ओढते आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच बटण दाबलं की घरातला दिवा क्षणभर मंद होतो.

आता आपला बोर्ड बघा. भिंतीवरचा छोटा सॉकेट ६ अॅम्पिअरचा, मोठ्या भोकांचा १६ अॅम्पिअरचा. कुट्टी छोट्या सॉकेटवर चालवली तर ती चालेल, नाही असं नाही. पण सॉकेट आतून भाजत राहील, प्लास्टिक पिवळं पडेल, मग तपकिरी होईल आणि एक दिवस ठिणगी पडेल. ज्या घरातली वायरिंग पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दोन बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही धरून झाली, तिथे आज फ्रिज, पिठाची गिरणी आणि कुट्टी एकाच ओळीवर आहेत. बैल एक आणि नांगर तीन, अशी गत!

दुकानात वायर मागताना लोक ‘चांगली वायर द्या’ म्हणतात. तसं नको. जाडी सांगून मागा. ‘एक एमएम, दीड एमएम, अडीच एमएम’ ही भाषा दुकानदाराला कळते. ड्रिल आणि छोट्या ग्राइंडरसाठी दीड एमएमची, तीन तारांची, तांब्याची केबल घ्या. कुट्टी किंवा पाण्याच्या मोटरीसाठी अडीच एमएमच्या खाली जाऊ नका, आणि अंतर लांब असेल तर त्याहून जाड घ्या.

लांबीनं काय होतं, तेही पाहू. एक एमएमच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०१८ ओहम रोध असतो. घरापासून गोठा ५० मीटर लांब म्हटला, तर वीज जाऊन परत येते म्हणजे १०० मीटर झाले. रोध झाला १.८ ओहम. १० अॅम्पिअर ओढले की १८ व्होल्ट वाटेतच खर्ची पडले. आधीच संध्याकाळी गावात दाब १९० वर आलेला. कुट्टीपर्यंत पोचले १७२! मग मोटर घुमते, जोर धरत नाही, जास्त करंट ओढते आणि जळते. आपण मात्र म्हणतो, ‘कंपनीनं फसवलं.’ अॅल्युमिनियमची स्वस्त वायर असेल तर हेच नुकसान दीडपटीहून जास्त होतं.

गुंडाळी सोडा, मग बटण दाबा

ज्यांच्याकडे रिळावर गुंडाळलेली तयार एक्स्टेन्शन वायर आहे, त्यांची एक सवय असते. लागेल तेवढी चार हात ओढायची, बाकीची रिळावरच ठेवायची. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण हे धोक्याचं आहे.

वरचाच हिशेब घ्या. २५ मीटरची एक एमएम वायर, १० अॅम्पिअर करंट. त्या वायरीत ९० वॉट एवढी उष्णता तयार होते. म्हणजे जुना शंभरचा बल्बच की! वायर जमिनीवर पसरलेली असली तर ही उष्णता हवेत निघून जाते. गुंडाळलेली असली तर तिला जायला वाट नाही. घोंगडीत बल्ब गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. साध्या प्लास्टिकच्या आवरणाची सहनशक्ती ७० अंशांपर्यंत. त्यापुढे ते मऊ पडतं आणि आतल्या तारा एकमेकींना भेटतात. म्हणून भारी यंत्र जोडायचं असेल तर वायर पूर्ण उलगडा. एका एक्स्टेन्शनला दुसरं, त्याला तिसरं अशी आगगाडी करू नका. प्रत्येक जोड ही गरम होणारी जागा आहे.

वायर कुठून न्यायची, तेही पाहा. दारातून आणली आणि दार आपटलं, तर आवरण चिरडतं. ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेली, तर बाहेरून धड दिसते, आत तुटलेली असते. पत्र्याला भोक पाडून आत घेतली, तर पत्र्याची धार रोज थोडी थोडी वायर कापते. एक दिवस अख्ख्या शेडमध्ये वीज उतरते. पत्र्यातून वायर न्यायचीच असेल, तर आधी प्लास्टिक पाइपचा तुकडा बसवा आणि त्यातून न्या.

काडी, टॉप आणि तिसरी पिन

टॉप सापडत नाही म्हणून वायरीची टोकं सोलायची, सॉकेटमध्ये घालायची आणि आगपेटीच्या काड्या खोचायच्या, हे दृश्य कोणत्या गावात नाही? चाळीस-पन्नास रुपयांचा टॉप वाचवण्यासाठी आपण उघडी तार पोराबाळांच्या हाताच्या उंचीवर सोडतो. कोणाचा पाय वायरीत अडकला की ती तार सुटून जमिनीवर येते, तीही जिवंत!

दुसरी खोड म्हणजे तीन पिनांच्या टॉपची वरची जाड पिन मोडायची, किंवा ती तार जोडायचीच नाही. ‘दोन तारांवर चालतंय की!’ असं आपण म्हणतो. चालतं, खरं आहे. ती तिसरी पिन यंत्र चालवण्यासाठी नसतेच, ती तुम्हाला वाचवण्यासाठी असते. म्हणून तर ती इतर दोन पिनांपेक्षा लांब केलेली आहे. टॉप घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर ती या पिनेतून जमिनीत जावी, तुमच्या अंगातून नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या ड्रिलला कंपनीनंच दोन पिना दिल्यात, त्याचं काय? त्याच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का, बघा. असेल तर त्या यंत्राला आतून दुहेरी आवरण आहे, त्याला अर्थिंगची गरज नाही. पण त्याचं प्लास्टिकचं अंग फुटलं किंवा ते पाण्यात भिजलं, तर त्या खुणेचा भरवसा संपला.

आणखी एक जीवघेणी वायर काही घरी दिसते. दोन्ही टोकांना टॉप असलेली! जनरेटर किंवा शेजारच्या घरातली वीज आपल्या सॉकेटमधून उलटी घरात घ्यायची, म्हणून ती केलेली असते. एक टोक सॉकेटमध्ये आहे आणि दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या, त्यात २३० व्होल्ट! शिवाय ही वीज मीटरमार्गे उलटी लाइनवर गेली, तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. अशी वायर घरात असेल तर आजच तोडून टाका.

फ्यूज घर वाचवतो, माणूस नाही

हा गैरसमज चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांतही आहे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक बसला की पडेल.’ नाही पडणार! कसं, ते पाहा.

देवघरातला जुना ‘झिरो’चा बल्ब आठवा. तो नावाला झिरो, प्रत्यक्षात साधारण १५ वॉटचा. तो घेतो ६५ मिलिअॅम्पिअर, म्हणजे एका अॅम्पिअरचा पंधरावा भाग. माणसाच्या अंगातून दहा-पंधरा मिलिअॅम्पिअर गेले की हाताची मूठ आवळली जाते, धरलेलं सुटत नाही. लोक ‘चिकटला’ म्हणतात ते हेच. झिरोचा बल्ब लागेल एवढा करंट छातीतून काही क्षण गेला, तर हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. आणि तुमचा एमसीबी पडणार ६ किंवा १६ अॅम्पिअरच्या पुढे. त्याच्या लेखी माणसाचा शॉक म्हणजे काहीच नाही. तो वायरिंग जळू नये म्हणून बसवलेला आहे. त्यातही किटकॅट फ्यूजमध्ये तारेऐवजी जाड वायरीचे पाच-सहा धागे पिळून घातले असतील, तर घराचंही रक्षण संपलं.

माणसाच्या रक्षणासाठी वेगळं उपकरण मिळतं. त्याला आरसीसीबी म्हणतात, बाजारात अजूनही काही जण ईएलसीबी म्हणतात. ‘तीस मिलिअॅम्पिअरचा द्या’ असं सांगून मागा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तीस मिलिअॅम्पिअरचा फरक पडला, म्हणजे वीज भलतीकडे चालली, हे ओळखून तो एका सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत पुरवठा तोडतो. पशुखाद्याच्या दोन-तीन पोत्यांच्या किमतीत तो येतो. त्याच्यावर ‘टी’ अक्षराचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. तो पडला तर ठीक, नाही पडला तर बदला. मात्र त्यालाही मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं, तर तो ओळखू शकत नाही. म्हणून तो बसवला तरी बाकीची काळजी सोडता येत नाही.

अर्थिंगही तितकीच महत्त्वाची. घर बांधताना पुरलेली पट्टी वा पाइप अजून आहे का, तिची तार गंजून तुटली का, ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा त्या खड्ड्यात पाणी घाला.

आणि हात जोडून सांगणं असं की, अर्थिंगला न्यूट्रल करू नका. तीन फेजची वेळ नसली की बोअरच्या केसिंगला नाहीतर जमिनीत ठोकलेल्या पहारीला तार बांधून दिवा किंवा मोटर चालवण्याची युक्ती शिवारात सर्रास चालते. त्या पहारीभोवतीच्या ओल्या मातीत वीज पसरते. तिथून जाणारं जनावर आधी पडतं, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं आणि पायांत चप्पल नसते. त्याला उठवायला माणूस जातो. पुढचं सांगायला नको. आकडा टाकून वेल्डिंग किंवा कुट्टी चालवणं हाही तसलाच प्रकार. २००३ च्या वीज कायद्यानं तो गुन्हा तर आहेच, शिवाय मध्ये ना फ्यूज, ना एमसीबी. सगळा भार थेट तुमच्या अंगावर.

ग्राइंडर म्हणजे खेळणं नव्हे

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेते. तिच्यावर छापलेली मर्यादा वाचा. चार इंची चकतीवर पंधरा हजारांच्या पुढचा आकडा असतो, सात इंचीवर साधारण साडेआठ हजार. काही जण वरचं लोखंडी कव्हर काढून चार इंची मशीनला सात इंची चकती लावतात, का तर खोल कापते! साडेआठ हजारांची चकती बारा हजारांनी फिरवली, तर ती फुटणारच. आणि फुटली की तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा येतो. कव्हर नसल्यानं तो थेट तोंडावर किंवा पोटात.

चकती चिकटद्रव्यानं बांधलेली असते, तीही जुनी होते. पुष्कळ चकत्यांच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते. ओल लागलेली, चीर पडलेली, हातातून पडलेली चकती वापरू नका. ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं तर मुळीच लावू नका. ते लाकडात अडकलं की मशीन उसळी घेतं आणि मांडीवर येतं.

काम करताना दोन्ही हातांनी धरा. डोळ्यांवर चष्मा हवा, साधा नव्हे, कामाचा. खांद्यावरचा गमछा, साडीचा पदर, ढगळ बाही आधी आवरा. ठिणग्या कडब्याच्या गंजीकडे उडत नाहीत ना, ते पाहा. आणि चकती बदलण्याआधी टॉप काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

लाइट गेली की बटण बंद!

आपल्या गावचं वीजवेळापत्रक कोणाला नवं सांगायला नको. शेतीची वीज ठरावीक तास, कधी दिवसा, कधी रात्री, आणि घरची वीजही मधूनच डोळे मिचकावते. यातच एक मोठा धोका लपलेला आहे.

कुट्टी चालू असताना लाइट जाते. तोंडाशी पेंढी अडकलेली असते. ‘लाइट आहे कुठं?’ म्हणून आपण हात घालून ती ओढतो. बटण मात्र चालूच राहिलेलं! तेवढ्यात लाइट येते. पात्याला काय माहीत, आत कडबा आहे की बोटं? मळणीयंत्रात हात गमावलेल्यांच्या दुःखातून १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा झाला. पण गोठ्यातल्या कुट्टीजवळ कायदा उभा राहत नाही, तिथे आपली सवयच कामाला येते. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, पोरांनाही, एवढं शिकवा: लाइट गेली की आधी बटण बंद, मग टॉप बाहेर, मगच हात आत.

ग्राइंडरचंही तेच. त्याचं बटण पुढं सरकवून अडकवता येतं. लाइट गेली म्हणून तसंच जमिनीवर ठेवलं आणि लाइट आली, तर ते अंगणभर धावतं.

ओल आणि अनवाणी पाय

गोठा म्हणजे मूत्र, शेण, पाणी. तिथली जमीन कधी कोरडी नसते. अशा जागी अनवाणी उभं राहून यंत्र धरू नका. पायात रबरी बूट किंवा निदान कोरडी रबरी चप्पल हवी. वायरीचा बोर्ड जमिनीवर ठेवू नका, खुंटीला टांगा. सांधा पाण्याच्या नळीशेजारी येऊ देऊ नका. कपड्यांची तार आणि विजेची वायर एकाच खांबाला बांधू नका. पाण्याची मोटर चालू असताना टाकीत हात घालू नका. पावसात बाहेरचं काम थांबवा, काम उद्याही करता येतं.

टेस्टर प्रत्येक घरी असतो. यंत्र चालू करून त्याच्या लोखंडी अंगाला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर लगेच बंद करा. मात्र टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तोच बिघडलेला नाही ना, हे पाहा. आणि टेस्टरचा दिवा लागला नाही, एवढ्यावर उघड्या तारेला हात लावू नका. मेन बंद करा.

धक्का बसलाच तर

पहिली गोष्ट म्हणजे माणसाला हात लावू नका. कितीही जवळचं असलं तरी नाही. आधी मेन बंद करा किंवा टॉप ओढा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीनं वायर दूर सारा. लोखंडी पहार, ओली फांदी चालणार नाही. खांबावरच्या मोठ्या लाइनची तार असेल तर काठीही नको. लांब राहा, १९१२ वर महावितरणला कळवा आणि लाइन बंद झाल्याशिवाय जवळ जाऊ नका.

माणूस सुटला की १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल, तर वेळ घालवू नका. त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरानं दाबा, छाती दोन इंच खाली जाईल इतकं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्यानं घ्यावं. माणसाला मातीत किंवा वाळूत पुरल्यानं वीज ‘उतरते’, ही समजूत साफ चुकीची आहे. अंगात वीज साठून राहत नसते. त्या पुरण्यात जी दहा मिनिटं जातात, तीच त्याच्या जिवाची असतात. बाहेरून बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवा, आतली इजा वरून दिसत नाही.

यंदा एवढं करा

माळ्यावरची वायर खाली काढा. सांधे असतील तर ती फेकून द्या, तिला दुसऱ्या कामाला ‘ठेवून’ देऊ नका. तीन तारांची सलग केबल घ्या, दोन्ही टोकांना नीट टॉप आणि सॉकेट बसवून घ्या. मेन बोर्डाजवळ तीस मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी लावा, अर्थिंग तपासा. हा खर्च एका ग्राइंडरच्या किमतीच्या आसपास येईल. पुष्कळांना तो जड वाटेल, पण म्हैस दगावली तर काय जातं आणि घरातला कर्ता माणूस गेला तर काय जातं, याचा हिशेब प्रत्येकानं आपला आपण करावा.

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्याच वाडवडिलांनी अनुभवातून केली. यंत्र नवं घेतलंत, आता त्याला वायरही शोभेल अशी घ्या.